घर आणि परवाना : वसई-विरारचा अनुभव

घर बांधून पाहावें आणि लग्न करून पाहावें, म्हणजे खस्ता काय असतात तें कळतें, असें जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. पण ज्यानें घर स्वतः बांधलें नाहीं, बांधलेलें विकत घेतलें, त्याच्या खस्ता निराळ्याच असतात. त्यानें पाया पाहिलेला नसतो, लोखंड मोजलेलें नसतें, आणि नकाशावर कोणाची सही आहे हेंही बहुधा विचारलेलें नसतें. या न विचारण्याची किंमत किती जबर असूं शकते, याचा अनुभव वसई-विरार शहरानें अलीकडे दोन वेळां घेतला.

नालासोपारा पूर्वेस अग्रवाल नगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तींत ४१ इमारती उभ्या होत्या. ती जमीन विकास आराखड्यांत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र व कचराभूमि यांसाठीं राखून ठेवलेली होती. २०२४ च्या जुलै महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाकडूनही रहिवाशांस दिलासा मिळाला नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें पहिल्या सात इमारती पाडण्यांत आल्या, व उरलेल्या ३४ जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्यें. दोन हजारांहून अधिक कुटुंबांचा संसार रस्त्यावर आला. त्याच वर्षीं २७ ऑगस्ट रोजीं, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, म्हणजे गणेशचतुर्थीच्याच दिवशीं, विरार पूर्वेच्या विजय नगरांतील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला आणि १७ माणसें मृत्यु पावलीं.

एक वस्ती कायद्यानें पाडली. दुसरी इमारत आपल्या भारानें पडली. दोहोंत साम्य हें कीं दोहोंसही महापालिकेचा परवाना नव्हता. दोन्ही ठिकाणीं राहणारीं माणसें कष्टाचा पैसा मोजून आलेलीं होतीं. तेव्हां असे नियम असतात कशाला, ते मोडतात कसे, शहर ते पाळावयास कसें लावतें, आणि कायद्याचा हात नेमक्या वेळीं कां पोहोंचत नाहीं, हें प्रत्येक घरधन्यानें समजून घेण्याजोगें आहे.

नियमांचा उगम

आपल्याकडील घरबांधणीच्या नियमांचें मूळ एका साथींत आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाटीच्या, अंधाऱ्या चाळींतून तो वणव्यासारखा पसरला. त्यानंतर १८९८ मध्यें मुंबई शहर सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालें. या मंडळानें खोल्यांत उजेड व वारा यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढें आणला. तो नियम सोपा करून सांगावयाचा तर असा : खिडकीसमोरच्या भिंतीची उंची दोहोंमधील अंतराच्या सुमारें दुपटीहून अधिक नसावी. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर मध्यें निदान वीस फूट मोकळी जागा हवी. इमारतीच्या चोहों बाजूंस मोकळी जागा सोडावी, जिला आज सामासिक अंतर म्हणतात, हा आग्रह याच विचाराच्या जातीचा आहे. त्याच जागेंतून आगीचा बंब आंत येतो, पावसाचें पाणी वाहून जातें व शेजाऱ्याच्या खोलींत सूर्यप्रकाश शिरतो. १९१५ सालीं मुंबई प्रांतासाठीं नगररचनेचा कायदा झाला. सध्यां महाराष्ट्रांत १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा, १९४९ चा महानगरपालिका कायदा आणि २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावलि, हीं तीन मुख्य साधनें आहेत. मुंबई शहराची नियमावलि मात्र स्वतंत्र आहे.

वसई-विरारची वाढ

वसई प्रांत हा विहिरींचा, केळीच्या व पानवेलींच्या बागांचा आणि मिठागरांचा. मुंबईहून विरारपर्यंत पहिली स्थानिक गाडी १८६७ सालीं धांवली, तरी पुढें कित्येक दशकें येथील खेडीं खेडींच राहिलीं. मुंबईंत घर घेणें मध्यमवर्गास व श्रमिकांस अशक्य होऊं लागलें तसा लोंढा उत्तरेकडे वळला. १९९० सालीं या भागाचें नियोजन सिडकोकडे सोंपविण्यांत आलें. याच सुमारास बागायती जमिनी व विहिरींचें गोडें पाणी वांचवावें म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसईची चळवळ उभी राहिली. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गांवें एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या १२ लक्ष २२ हजारांवर भरली. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेलें हें शहर १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आलें.

लोकवस्ती अशी झपाट्यानें वाढते तेव्हां आराखड्यांतील राखीव जागा हीच जमीन बळकावणाऱ्यांस सर्वांत सोपी सांपडते. खेळाचें मैदान, शाळा, दवाखाना, सांडपाण्याचें केंद्र यांसाठीं कागदावर आंखलेल्या जागेवर प्रत्यक्षांत कोणीच पहारा करीत नसतो. खाजण व मिठागरें भरून घरें झालीं कीं भरतीच्या व पावसाच्या पाण्यास जागा उरत नाहीं. २०१८ च्या जुलैंत वसई-विरार पाण्याखालीं गेलें, नालासोपाऱ्याचे रूळ बुडून आगगाड्या थांबल्या व अडकलेल्या उतारूंना सोडविण्यास आपत्ति निवारण दल बोलवावें लागलें. सर्वच दोष बिनपरवाना बांधकामांचा नाहीं. पण नाले अरुंद करणारें प्रत्येक बांधकाम त्या पाण्याची पातळी थोडी तरी वाढवितें.

उल्लंघनाचे तीन प्रकार

पहिला प्रकार घराच्या चार भिंतींआडचा आहे, आणि तो सुशिक्षित गृहस्थांच्या हातूनही सर्रास घडतो. गॅलरी बंद करून ती खोलींत घेणें, खिडकीच्या छज्जावर लोखंडी पिंजरा बसवून तेथें सामान ठेवणें, स्वयंपाकघर मोठें करण्यासाठीं भिंत काढणें, नळांच्या मोकळ्या चौकावर छप्पर घालणें, गच्चीवर पत्र्याची खोली उभारणें, राहत्या जागेंत दुकान किंवा कारखाना घालणें, हीं त्याचीं नेहमींचीं उदाहरणें. लोखंड व सिमेंटच्या चौकटीवर उभ्या इमारतींत विटांची भिंत बहुधा भार वाहत नाहीं, खांब व तुळया भार वाहतात. जुन्या भारवाही भिंतींच्या घरांत मात्र प्रत्येक भिंतीवर वरचा मजला टेकलेला असतो. हा भेद गवंड्यास नव्हे, अभियंत्यास विचारावा लागतो. गच्चीवरील बागेचेंच पाहा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागेवर फूटभर ओली माती पसरली तर तिचें वजन साडेचार-पांच टनांच्या घरांत जातें. भारतीय मानकाप्रमाणें जाण्यायेण्याच्या गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारें दीडशें किलो भार धरतात. म्हणजे तेवढ्याच जागेस तो १४०० किलोंच्या आसपास येतो. बाग लावणाऱ्याचा हेतु निर्दोष असतो, पण तुळईस हेतु कळत नाहीं, तिला वजन कळतें.

दुसरा प्रकार परवाना असलेल्या इमारतीचा. नकाशा चार मजल्यांचा आणि प्रत्यक्षांत मजले पांच; वाहनांसाठीं मोकळ्या ठेवावयाच्या तळमजल्यावर दुकानांचे गाळे; सोडावयाच्या मोकळ्या जागेंत वाढीव खोल्या. अशा इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाहीं व रहिवासी वर्षानुवर्षें त्याशिवाय राहतात.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. यांत संपूर्ण इमारतच बिनपरवाना असते, किंवा परवाना म्हणून दाखविलेला कागद बनावट असतो. कल्याण-डोंबिवलींत अशा खोट्या परवानग्यांच्या आधारें उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींचें प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें व नोव्हेंबर २०२४ मध्यें त्या पाडण्याचा आदेश झाला. त्या बनावट कागदांवर रेरा प्राधिकरणाची नोंदणीही मिळविण्यांत आली होती. फसवणूक इतक्या दूरवर पोहोंचली कीं साध्या ग्राहकास ती ओळखणें सोपें राहत नाहीं.

अंमलबजावणीच्या पायऱ्या

वसई-विरार महापालिकेचे नऊ प्रभाग आहेत व प्रत्येकावर एक सहायक आयुक्त असतो. बिनपरवाना बांधकामाची पाहणी, पंचनामा व नोटीस हें काम प्रभाग कार्यालयांतून सुरू होतें. काम चालू असेल तर तें थांबविण्याची नोटीस देतां येते; नगररचना कायद्याच्या ५४ व्या कलमांत ही तरतूद आहे. काम झालें असेल तर ५३ व्या कलमाखालीं तें काढून जमीन पूर्ववत् करण्यास सांगतां येतें. महानगरपालिका कायद्याच्या २६० व्या कलमांतही कारणें दाखवा नोटीस देऊन, उत्तर समाधानकारक नसल्यास बांधकाम पाडण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. रहिवाशानें स्वतः पाडलें नाहीं तर महापालिका पाडते व खर्च त्याच्याकडून वसूल करते.

चूक क्षम्य असेल, म्हणजे नियमांत बसविण्याजोगी असेल, तर शुल्क भरून बांधकाम नियमित करून घेण्याचा अर्ज करतां येतो. २०१७ सालीं शासनानें ५२-अ हें कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठीं खास सवलत दिली. पण नदीपात्र, वनजमीन किंवा मुळांतच कमकुवत असलेली इमारत अशांस ती सवलत नाहीं.

शिक्षेचा भाग पाहिला तर विलक्षण विसंगति दिसते. ५२ व्या कलमाप्रमाणें बिनपरवाना बांधकामास एक महिना ते तीन वर्षें कैद आणि दोन ते पांच हजार रुपये दंड आहे. पुढें काम चालू ठेवल्यास रोज दोनशें रुपयांपर्यंत. ज्या इमारतींतील एकेक सदनिका लक्षावधि रुपयांस विकली जाते, तिच्या बांधणाऱ्यास पांच हजार रुपयांची काय मातबरी? कैदेची भीति खरी, परंतु ती खटला उभा राहून निकाल लागेल तेव्हां.

पाडण्यापूर्वीं रहिवाशाचें ऐकून घेतलें पाहिजे, हेंही तितकेंच खरें. १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें याविषयीं देशभरासाठीं दंडक घालून दिला. नोटीस टपालानें पाठवावी व दारावर चिकटवावी, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, सुनावणी घ्यावी, सकारण आदेश काढावा, आदेशानंतर पुन्हां पंधरा दिवस थांबावें, पाडकामाचें चित्रीकरण करावें. हे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यानें नुकसानभरपाई स्वतःच्या खिशांतून द्यावी. रस्ता, रेल्वेचा रूळ, नदी अशा सार्वजनिक जागेंतील अतिक्रमणास आणि न्यायालयानेंच पाडण्याचा हुकूम दिलेल्या बांधकामास हें संरक्षण लागू नाहीं. अग्रवाल नगरीच्या रहिवाशांपुढें न्यायालयाचाच हुकूम होता.

कायदा उशिरां कां पोहोंचतो

पाया खणला जात असतां बांधकाम थांबविणें एका दिवसाचें काम आहे. तेंच चार मजले चढून आंत पन्नास कुटुंबें राहूं लागलीं कीं पांच वर्षांचें होतें. बेकायदा बांधणारास हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून तो सिमेंट सुकण्यापूर्वीं बिऱ्हाडें आंत घालतो. ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याजवळ शीळफाट्यास जी इमारत कोसळून ७४ माणसें मेलीं, तिचे वरचे मजले चढत असतांनाच खालीं माणसें राहत होतीं. बांधणाऱ्याच्या दृष्टीनें तीं माणसें म्हणजे हातोड्याविरुद्धची ढाल होती.

बिऱ्हाडें आलीं कीं नोटिशींतील एखादी तांत्रिक चूक दाखवून मनाई हुकूम मिळवितात; पावसाळ्यांत राहतीं घरें पाडूं नयेत हा शासनाचा दयाबुद्धीचा नियम आडवा येतो; निवडणूक आली कीं मतदारांस दुखविण्यास कोणी धजत नाहीं. खुद्द पालिकेंतील माणसाचें दुर्लक्ष, किंवा त्याहून वाईट कांहीं, हेंही कारण असतें. कायद्यास याची कल्पना आहे. म्हणूनच कारवाई न करणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षा सांगणारें ५६-अ हें कलम त्यांत आहे. नालासोपाऱ्याच्या प्रकरणाची चौकशी २०२५ सालीं महापालिकेच्या नगररचना विभागापर्यंत गेली. दोष कोणाचा व किती, हें न्यायालय ठरवील. पण एवढें उघड आहे कीं ४१ इमारती एका रात्रींत उभ्या राहत नाहींत. विटा-वाळूच्या गाड्या भर रस्त्यानें येतात, आणि त्या पाहण्यासाठींच प्रभाग कार्यालय असतें.

यांतील अन्याय येथेंच आहे. बांधणारा पैसे घेऊन निघून जातो, अधिकारी बदलून जातो, आणि हातोडा पडतो तो शेवटच्या माणसावर, म्हणजे घरांत राहणाऱ्यावर. तरीही न्यायालयें पाडण्याचा हुकूम देतात, कारण न दिला तर पुढच्या बांधणाऱ्यास हाच मार्ग फायद्याचा ठरतो, आणि ज्या सांडपाणी केंद्राची गरज सबंध शहरास आहे तें कधींच होत नाहीं. रहिवाशाची कींव आणि शहराचें हित यांची ही ओढाताण पाडकामाच्या दिवशीं सुटत नाहीं. ती पायाच्या दिवशींच सुटावयास हवी होती.

घरपट्टीचा गैरसमज

“आम्ही घरपट्टी भरतों, वीज आहे, नळ आहे, खरेदीखत नोंदलेलें आहे, मग घर बेकायदा कसें?” असें अनेक रहिवासी कळवळून विचारतात. त्याचें उत्तर कठोर असलें तरी स्पष्ट आहे. घरपट्टी ही इमारत उभी आहे म्हणून घेतली जाते, ती कायदेशीर आहे म्हणून नव्हे. उलट महानगरपालिका कायद्याच्या २६७-अ कलमाखालीं बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती बसवितां येते, आणि ती भरल्यानें बांधकाम नियमित होत नाहीं असें कायदाच सांगतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, इमारतीचा नकाशा तपासण्याचें काम त्याच्याकडे नाहीं. तेव्हां हीं सर्व कागदपत्रें वास्तव्याचा पुरावा होत, परवान्याचा नव्हत.

तीस वर्षांचा नियम आणि तेरा वर्षांची इमारत

इमारतीस तीस वर्षें झालीं कीं मालकानें किंवा भोगवटादारानें नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून घ्यावी, असें महानगरपालिका कायद्याचें २६५-अ हें कलम सांगतें. तपासणीनंतर इमारती चार वर्गांत मोडतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडावयाची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची. सी-२बी म्हणजे न हलतां संरचनेची दुरुस्ती. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

रमाबाई अपार्टमेंट सुमारें तेरा वर्षांची होती. तीस वर्षांचा नियम तिला लागूच नव्हता. हा नियम गृहीत धरतो कीं इमारत मुळांत अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणें, योग्य लोखंड व सिमेंट घालून बांधली गेली. ज्या इमारतीस परवानाच नाहीं, तिच्या बाबतींत हें गृहीतच खोटें पडतें. तिचें काँक्रीट कोणी तपासलें नाहीं, जमीन कोणी पारखली नाहीं. शिवाय खाडीकांठची खारी हवा व खारें पाणी निकृष्ट काँक्रीटमध्यें झिरपून लोखंडास गंज चढवितें. गंज लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळें काँक्रीट आंतून फुटतें. छताचे पोपडे पडणें, खांबास उभी भेग जाणें, तुळईंतून लाल पाणी पाझरणें, दारें-खिडक्या एकाएकीं चौकटींत अडकूं लागणें, हीं त्याचीं चिन्हें आहेत. त्यांवर चुना किंवा रंग मारणें म्हणजे तापकऱ्याच्या अंगावर शाल घालण्यासारखें आहे. बिनपरवाना इमारतींत राहणाऱ्यांनीं तीस वर्षांची वाट पाहूं नये. सर्वांनीं वर्गणी काढून आजच अभियंता बोलवावा.

घरधन्यानें काय करावें

घर घेण्यापूर्वीं पांच कागद मागावे : जमिनीचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका, विकास आराखड्यांत ती जमीन कशासाठीं दाखविली आहे याचा पालिकेचा दाखला, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि तयार घर असल्यास भोगवटा प्रमाणपत्र. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यापासूनच पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देणें निषिद्ध आहे. नवी योजना ५०० चौरस मीटरांहून मोठी किंवा आठांहून अधिक सदनिकांची असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणीही पाहावी. आणि विकणाऱ्यानें दिलेल्या प्रतींवर विश्वास न ठेवतां, प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना कार्यालयांत स्वतः पडताळणी करावी. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आयुष्यभराची पुंजी वांचवूं शकतो. १७ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असेंही बजाविलें कीं मंजूर नकाशा बांधकामाच्या जागीं लावलेला असावा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी देऊं नये, आणि तें पाहिल्याखेरीज बँकांनीं कर्ज देऊं नये. नकाशाचा फलक नसलेलें बांधकाम दिसलें तर तेवढ्यावरूनही सावध व्हावें.

राहत्या घरांत फेरफार करावयाचा असेल तर आधीं सोसायटीची लेखी संमति व अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि लागेल तेथें पालिकेचा परवाना काढावा. शेजारीं पाया खणला जात असेल व परवाना दिसत नसेल तर प्रभाग कार्यालयास लेखी कळवावें आणि पोंच घ्यावी. यास चहाडी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्या पायावर उद्यां जीं बिऱ्हाडें येतील त्यांच्यावर याहून मोठा उपकार दुसरा नाहीं. तीं अद्याप आलेलीं नसतात, म्हणून त्यांच्या वतीनें कोणीतरी बोलावें लागतें.

नोटीस आलीच तर ती फाडून टाकूं नये, किंवा दलालाच्या हातीं देऊन स्वस्थ बसूं नये. मुदतींत उत्तर द्यावें, सुनावणीस हजर राहावें, नियमित होण्याजोगें असेल तें करून घ्यावें, आणि विकणाऱ्यानें फसविलें असल्यास त्याच्याविरुद्ध फिर्याद द्यावी. इमारत अतिधोकादायक ठरली असेल तर मात्र वादांत दिवस घालवूं नयेत. माणसें आधीं बाहेर काढावीं, कागद मागाहून भांडावे. घर पुन्हां उभारतां येतें, मग तें लहान कां असेना. विरारच्या त्या रात्रीं जीं सतरा माणसें गेलीं, त्यांना मात्र कोणताही परवाना परत आणूं शकत नाहीं.